यंत्रांचे अनुदान मानधनावर खर्च झाले. आता पूर्ण रक्कम परत करायची का?

प्रश्न: आमच्या नोंदणीकृत संस्थेला केंद्राच्या एका मंत्रालयाकडून महिलांच्या शिवणवर्गासाठी 20 लाख रुपये मंजूर झाले. पहिला हप्ता 10 लाखांचा आला. 6 लाख यंत्रांसाठी, 4 लाख मानधन वगैरेसाठी. मानधन थकल्यामुळे विश्वस्तांनी ठराव करून यंत्रांचे 1 लाख 80 हजार तिकडे वळवले. सीएंनी ‘संपूर्ण रक्कम मंजूर कारणासाठी खर्च’ असा दाखला दिला. आता दुसरा हप्ता रोखला आहे आणि 10 लाख व्याजासह 15 दिवसांत भरा, असे पत्र आले आहे. दुसऱ्या हप्त्यासाठी दावा लावावा का? विश्वस्त स्वतः अडकतील का?

उत्तर: दाव्याचा विचार तूर्त सोडा. अनुदान मिळणे हा संस्थेचा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये उत्तर प्रदेशातील अनुदानित शाळांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. शिवाय केंद्रावर दिवाणी दावा लावायचा तर आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस लागते. संसदेने वर्षासाठी मंजूर केलेली तरतूद 31 मार्चला संपते, न्यायालयाच्या तारखा संपत नाहीत. तुमची खरी लढाई वसुलीच्या पत्राशी आहे, आणि तिथे तुमची बाजू वाटते तितकी लंगडी नाही.

मंजुरी आदेश काढून लेखाशीर्ष पाहा, म्हणजे पैसे सरकारच्या कोणत्या हिशेबी शीर्षातून आले तो क्रमांक. शेवटी 31 असेल तर ते सहायक अनुदान सर्वसाधारण, 35 असेल तर भांडवली मत्ता (यंत्रांसारख्या टिकाऊ वस्तू) निर्माण करण्यासाठी, 36 म्हणजे वेतन. अर्थसंकल्पात या शीर्षांसाठी वेगवेगळी रक्कम ठेवलेली असते. एका शीर्षातून दुसऱ्यात पैसे नेण्याची मोकळीक खुद्द मंत्रालयालाही नसते, मग तुमच्या ठरावाला कोण विचारतो? ठराव प्रामाणिकपणे केलेला असेल, पण तो परवानगीची जागा घेत नाही.

याहून मोठी चूक दाखल्यात आहे. सर्वसाधारण वित्तीय नियम 2017 च्या नियम 238 नुसार उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान कशावर खर्च झाले याचा दाखला, नमुना 12-ए मध्येच द्यावे लागते. त्यात आरंभीची शिल्लक, मिळालेले व्याज, सरकारला परत केलेले व्याज, हप्त्याचा आदेश क्रमांक व तारीख, खर्च आणि अखेरची शिल्लक येते, आणि खर्च सर्वसाधारण, वेतन व भांडवली असा वेगळा दाखवावा लागतो. सीएंच्या लेटरहेडवरचे एक वाक्य म्हणजे हा नमुना नव्हे. योजनेचे खाते पीएफएमएसशी (सरकारी पैशांचा माग ठेवणारी केंद्राची ऑनलाइन प्रणाली) जोडलेले असेल, तर कोणाला किती गेले ते मंत्रालयाला तिथे दिसते. दाखला एक सांगतो आणि पीएफएमएस दुसरे, म्हणून संशय आला.

तेव्हा लपवाछपवी नको. मुदतीच्या आत पोचपावतीसह स्पीड पोस्टाने आणि ईमेलने उत्तर पाठवा. आधीचा दाखला मागे घेत आहोत असे लिहा आणि सुधारित 12-ए जोडा: यंत्रे 4 लाख 20 हजार, मानधन 5 लाख 80 हजार. सोबत प्रशिक्षकांचे हजेरीपट, मानधन खात्यात जमा झाल्याचे बँक उतारे आणि यंत्रांची बिले लावा. खात्यावर मिळालेले व्याज तुमचे नाही. नियम 230 नुसार ते भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्र सरकारच्या मुख्य तिजोरीत, जमा करायचे असते. ते भारतकोश या सरकारच्या ऑनलाइन भरणा पोर्टलवर भरून पावती जोडा. पुढच्या हप्त्यात वळते करून घ्या, असे लिहू नका. ते चालत नाही.

मागणी दोन पर्यायांत ठेवा. मुख्य मागणी, या वळवणीला कार्योत्तर (खर्च झाल्यानंतरची) मान्यता. ती नाकारली तर फक्त 1 लाख 80 हजार भरण्याची तयारी. अनुदान घेताना संस्था जे बंधपत्र (हमीपत्र) लिहून देते, त्याचे नियमांतील शब्द ‘संपूर्ण किंवा अंशतः’ परतफेड, वार्षिक 10 टक्के व्याजाने, असे आहेत. म्हणजे वर्षभराचे व्याज 18 हजार. पूर्ण रकमेवर ते 1 लाख होते. बाकीचे 8 लाख 20 हजार मंजूर कारणालाच लागले असताना ते का परत मागता, हा प्रश्न थेट विचारा. तपासणी अहवालाची प्रत आणि प्रत्यक्ष सुनावणीही मागा. ती न देता वसुली रेटली, तर नैसर्गिक न्यायाच्या (बाजू ऐकून न घेतल्याच्या) मुद्द्यावर राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात रिट करता येते. पण उत्तरच दिले नसेल, तर हा मुद्दा बराच दुबळा होतो.

विश्वस्तांबद्दल: बंधपत्र राष्ट्रपतींच्या नावे असते आणि त्यावर सही करणारे संयुक्तपणे व स्वतंत्रपणे बांधलेले असतात, म्हणजे पूर्ण रक्कम त्यांच्यापैकी कोणा एकाकडूनही मागता येते. त्यामुळे सह्या कोणाच्या आहेत ते आजच पाहा. फौजदारी विश्वासघातासाठी (भारतीय न्याय संहिता, कलम 316) अप्रामाणिक हेतू लागतो. पैसे बँकेतून प्रशिक्षकांना गेले असतील तर तो दाखवणे अवघड आहे. मात्र चूक कळल्यावरही जुन्या दाखल्याला चिकटून राहिलात, तर चित्र बदलते.

1 लाख 80 हजार उभे करण्यासाठी यंत्रे विकू नका. अनुदानातून घेतलेली मत्ता मंजुरी देणाऱ्या खात्याच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. दुसऱ्या योजनेच्या खात्यातून उसनवारीही नको, नाहीतर असेच दुसरे पत्र येईल.