वाचक विचारतात : देऊळ टेकडीवर, मूर्ती म्युझियममधे

मागच्या अंकात मी जाताजाता लिहिलं होतं की ग्रीस टूर कंपनीशिवाय, आपलं आपण छान बघता येतं. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रं आली, प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिणं जमणार नाही म्हणून सगळ्यांच्या उपयोगाचे प्रश्न इथे घेतेय. मी स्वतः बहिणीबरोबर ऑक्टोबरमधे गेले होते, त्यामुळे जे सांगतेय ते पायाखालून गेलेलं आहे.

प्रश्न : मी आणि मिस्टर, दोघंही रिटायर्ड. हातात आठ दिवस आहेत. अथेन्स, डेल्फी, ऑलिंपिया, मायसीनी, क्रीट आणि सँटोरिनी अशी यादी केलीय, बसेल ना सगळं? (वसंत विहार, ठाणे)

ताई, बसवाल हो, पण मग अर्धे दिवस बस, बोट आणि बॅगा भरण्यात जातील. ऑलिंपिया अथेन्सपासून जवळजवळ ३०० किलोमीटर, पार पश्चिमेला. क्रीटला रात्रभराची बोट, आणि तिथला क्नोसॉसचा प्राचीन राजवाडा आणि इराक्लिओचं म्युझियम बघायचं तर क्रीटलाच वेगळे पाच दिवस द्यायला हवेत. सँटोरिनी सुंदरच आहे पण तुम्ही अवशेष बघायला निघालायत ना? मग ही तीन नावं काढून टाका, आणि मनात रुखरुख ठेवू नका.

मी असं करेन : आधी अथेन्समधे तीन रात्री, मग डेल्फीला, म्हणजे अपोलोच्या देवळाच्या गावी, एक, मग नाफ्प्लिओला दोन, आणि शेवटची रात्र परत अथेन्स. डेल्फीची बस अथेन्सच्या लिओसिओन स्टँडवरून सुटते, साधारण तीन तास. नाफ्प्लिओची सुटते किफिसोस स्टँडवरून. हे दोन स्टँड वेगळे आहेत, हॉटेलवाल्याला आदल्या रात्रीच विचारून ठेवा, ऐनवेळी टॅक्सीत गोंधळ नको. डेल्फीला राहायचं एवढ्याचसाठी की अथेन्सहून एका दिवसात परत येणाऱ्यांची गर्दी दुपारी असते आणि सकाळी गेट उघडताना तिथे तुम्ही, डोंगर आणि घंटा वाजवणाऱ्या शेळ्या एवढंच असतं. नाफ्प्लिओ हे मुक्कामाचं गाव, तिथून मायसीनी आणि प्राचीन नाट्यगृहाचं एपिडॉरस दोन्ही होतं.

आता शेवटची रात्र अथेन्समधे का, ते सांगते. मायसीनीच्या प्राचीन गढीत तुम्ही सिंहद्वारातून आत गेलात की उजव्या हाताला दगडांचं एक गोल रिंगण लागतं, खाली खड्डे. त्या कबरींमधून हाइनरिश श्लीमान या जर्मन उत्खननकाराने १८७६ मधे ढीगभर सोनं काढलं, त्यात तो प्रसिद्ध सोन्याचा मुखवटा, जो त्याला ट्रॉयच्या लढाईतल्या ग्रीकांच्या म्होरक्याचा, ॲगॅमेम्नॉन राजाचा, वाटला होता, पण मुखवटा इसवीसनपूर्व १५५० च्या सुमाराचा आहे, म्हणजे ट्रॉयच्या लढाईचा काळ धरतात त्याच्याही काहीशे वर्षं आधीचा. ते सगळं सोनं आता अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व म्युझियममधे आहे. आधी रिकामा खड्डा बघा, मग दोन दिवसांनी सोनं बघा. उलटं केलंत तर मायसीनीला गेल्यावर इथे काहीच नाही असं वाटतं, आमच्याबरोबर बसमधे असलेल्या एका कुटुंबाचं तसंच झालं.

तिकिटाचं : ॲक्रोपोलिसला, म्हणजे अथेन्समधल्या देवळांच्या टेकडीला, आता वेळेचा स्लॉट घेऊन ऑनलाइन तिकीट काढावं लागतं, ३० युरो. पूर्वी अथेन्समधल्या सगळ्या जागांचं मिळून एक तिकीट मिळायचं, ते २०२५ च्या एप्रिलपासून बंद झालं, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून हिशोब करू नका. ॲक्रोपोलिस म्युझियमचं तिकीट वेगळं. सकाळचा पहिला स्लॉट घ्या. आणि जुलै-ऑगस्ट टाळा, आपल्याला उकाड्याची सवय आहे असं म्हणून चालत नाही कारण तिथे ऊन वरून येतं तसं संगमरवरावरून परतही येतं, उष्णतेची लाट असली की दुपारी ॲक्रोपोलिस बंदसुद्धा ठेवतात.

प्रश्न : गाइड न घेता गेलं तर खरंच काही कळतं का? माझे मित्र जाऊन आले, म्हणतात नुसते दगड आहेत. (नेरुळ)

तुझ्या मित्रांचं मी अगदी चूक म्हणणार नाही, कारण टेकडीवर खरंच दगडच उरलेत. मूर्ती, कोरीव पट्ट्या, सोनं, भांडी, सगळं उचलून म्युझियममधे नेलंय, काही तर दुसऱ्या देशात. आपल्याकडे देऊळ म्हटलं की देव आत असतो, तिथे देऊळ टेकडीवर आणि मूर्ती खाली काचेत. त्यामुळे या दोन जागा मिळून एक जागा आहे असं धरूनच चालायचं. एक बघून दुसरी राहिली तर अर्धंच बघितलं.

जायच्या आधी एक काम कर. नेरुळहून अंबरनाथ काही लांब नाही, एका रविवारी तिथल्या शिवमंदिरात जा, शिलाहारांच्या काळातलं, १०६० सालचं. गाइड नको, पुस्तक नको. बाहेरून सावकाश एक फेरी मार, मग गाभाऱ्यात उतर, पायऱ्या खाली जातात ते लक्षात ठेव, आणि स्वतःला विचार की इथे माणसं उभी कुठे राहायची, बघायची कुठे, काय पडलंय आणि काय नंतर बसवलंय. हेच प्रश्न घेऊन ॲक्रोपोलिसवरच्या पार्थेनॉनसमोर, अथीना देवीच्या देवळासमोर, उभा राहा. मग कळतं की तिथली रीत आपल्यापेक्षा वेगळी, वेदी देवळाच्या बाहेर असायची, बळी आणि पूजा उघड्यावर, आत अथीनाची सोन्या-हस्तिदंताची प्रचंड मूर्ती, आणि कोरीवकाम बघायचं ते बाहेरून मान वर करून.

पार्थेनॉन इसवीसनपूर्व ४४७ ते ४३२ मधे बांधलं, अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याच्या काळात. पुढे ते चर्च झालं, मशीद झालं, आणि १६८७ मधे तुर्कांनी आत दारूगोळा ठेवलेला असताना व्हेनिसवाल्यांच्या तोफेचा गोळा येऊन पडला आणि मधला भाग उडाला. म्हणजे दोन हजार वर्षांच्या वर जे उभं होतं ते एका संध्याकाळी गेलं. त्यानंतर १८०१ पासून तुर्की दरबारातला ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिन याच्या माणसांनी शिल्पं काढून नेली, १८१६ मधे ती ब्रिटिश म्युझियमकडे गेली, अजून तिथेच आहेत. त्याबद्दल माझं मत पक्कं आहे की ती परत यायला हवीत, आणि ॲक्रोपोलिस म्युझियमचा वरचा मजला बघितलास की तुझंही होईल. काचेचं दालन आहे, बरोबर पार्थेनॉनच्या दिशेला वळवलेलं, मिरवणुकीची १६० मीटरची कोरीव पट्टी त्यात मूळ क्रमाने लावलीय. खरा संगमरवर मधासारखा पिवळट, आणि जो तुकडा लंडनमधे आहे तिथे पांढरंफेक प्लास्टर. एका घोड्याचं तोंड पिवळं आणि पुढचे पाय पांढरे असं चालत चालत दिसत राहतं. कुणी काही सांगावं लागत नाही.

तसंच पार्थेनॉनच्या खांबांवरचे पांढरे ठिगळ बघ. पूर्वीच्या दुरुस्तीत दगड जोडायला साध्या लोखंडाचे आकडे घातले होते, ते गंजून फुगले आणि संगमरवर फुटला. मूळ कारागिरांनी लोखंडावर शिसं ओतलं होतं म्हणून त्यांचे आकडे टिकले. १९७५ नंतरच्या कामात जुने आकडे काढून टायटॅनियमचे घातले, आणि जिथे दगड कमी पडला तिथे त्याच पेंटेली डोंगराचा नवा दगड बसवला, तो अजून पांढरा आहे.

आणि खांब ओळखायला शिक, दहा मिनिटांचं काम आहे. खाली बैठक नाही, वर साधी थाळी, तो डोरिक. वर मेंढ्याच्या शिंगांसारखे वेढे, तो आयोनिक. वर पानंच पानं, तो कोरिंथियन. कोरिंथियन बघायला ऑलिंपियन झ्यूसच्या देवळात जा, १०४ पैकी १५ उभे आहेत आणि एक १८५२ च्या वादळात आडवा झालाय, मुळ्याच्या चकत्या सुरीने कापून ओळीने पडाव्यात तसा. खांब आतून कसा रचतात ते त्या एका पडलेल्या खांबाने मला समजलं.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा आहे, म्युझियम म्हटलं की कंटाळतो. काय करावं? (ऐरोली)

एका दिवशी एकच म्युझियम, आणि त्यात पाच वस्तू, त्याने आधी घरी फोटोत बघून निवडलेल्या. अगोराच्या, म्हणजे अथेन्सच्या जुन्या बाजारचौकाच्या, म्युझियमपासून सुरुवात करा, ते लहान आहे. तिथे खापराचे तुकडे आहेत ज्यांच्यावर अथेन्सच्या लोकांनी नावं खरवडलीत, वर्षातून एकदा मतदान व्हायचं की कुणाला दहा वर्षं गावाबाहेर काढायचं, आणि पर्शियन आरमाराला हरवणाऱ्या थेमिस्टोक्लीसचं नावही त्या खापरांवर आहे. मुलाला एवढं सांगा, तो तुकडे शोधत फिरेल. तिथेच कोर्टात भाषणाची वेळ मोजायचं पाण्याचं मडकं आहे आणि मातीची लहान बाळाची शीची खुर्ची आहे, ती बघून सगळी मुलं हसतात.

राष्ट्रीय म्युझियममधे त्याला थेट अँटिकिथेरा यंत्राकडे न्या, १९०१ मधे समुद्रातल्या बुडालेल्या जहाजातून वर काढलेलं, ब्राँझच्या दातेरी चाकांचं, सूर्य-चंद्राच्या गती आणि ग्रहणं काढायचं. आणि एक सांगून ठेवा, पुतळ्यांसमोर त्यांच्यासारखी पोज देऊन फोटो काढायचा नाही, तिथले लोक लगेच अडवतात, त्यांना तो अपमान वाटतो.

प्रश्न : गुडघे दुखतात, ॲक्रोपोलिस चढता येईल का? (कोपरी)

आजी, चालायला खरंच त्रास असणाऱ्यांसाठी टेकडीला लिफ्ट आहे, आधी चौकशी करून जा. चढणार असाल तर रबरी सोलचे बूट, चप्पल अजिबात नको, लोकांच्या पायांनी दगड घासून काचेसारखा झालाय. डेल्फीला मात्र चढ भरपूर आहे. अपोलोच्या देवळापर्यंत जा, वरचं स्टेडियम सोडलंत तरी चालेल, पण म्युझियममधला ब्राँझचा सारथी सोडू नका. इसवीसनपूर्व ३७३ च्या भूकंपात दरडीखाली गाडला गेला म्हणून वाचला, नाहीतर बाकी ब्राँझच्या मूर्तींसारखा वितळवला गेला असता. अगदी जवळ जा, पापण्यांचे केस वेगळे बसवलेत, डोळे जिवंत वाटतात. आणि पायाची बोटं, त्यांच्यावरच्या शिरा बघा. तो रथात उभा असायचा, ती पावलं बाहेरून कुणाला दिसणारही नव्हती.

प्रश्न : शाकाहारी माणसाचं काय? (खारघर)

उपाशी राहणार नाही. फासोलादा म्हणजे पांढऱ्या घेवड्याचं सूप, यिगांदेस म्हणजे टोमॅटोत भाजलेले मोठे वाल, पालकाची स्पानाकोपिता, भात भरलेल्या सिमला मिरच्या. त्यांच्या उपासाच्या पदार्थांना निस्तीसिमो म्हणतात, त्यात मांस, अंडं, दूध नसतं, पण कोलंबी-माकूळ चालतं त्यांना, तेवढं विचारून घ्या. भरलेल्या मिरचीतही खिमा असू शकतो.

प्रश्न : राग मानू नका, पण आपलीच लेणी बघून झाली नाहीत तर ग्रीसचे पडके दगड आपल्या कोण लागतात? (नौपाडा, ठाणे)

राग कसला, हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. पहिल्या शतकात कुणा ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्रमार्गाचं टिपण लिहून ठेवलंय, त्यात भडोचपासून खाली येताना बंदरांची नावं आहेत, सुप्पारा आणि कल्लिएना. म्हणजे सोपारा आणि कल्याण. तुम्ही लोकलने रोज ज्या कल्याणला जाता-येता त्याचं नाव ग्रीकमधे लिहिलेलं आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर ब्राह्मीत देणगीदारांची नावं कोरलीत, त्यात धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे ग्रीक, आहेत. आणि कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडनची, त्यांच्या समुद्रदेवाची, लहानशी ब्राँझची मूर्ती सापडली, ती तिथल्या टाउन हॉल म्युझियममधे आहे.

अथेन्सच्या राष्ट्रीय म्युझियममधे दोन मीटर उंचीचा ब्राँझचा देव आहे, समुद्रातून काढलेला, हात मागे नेऊन काहीतरी फेकायच्या तयारीत. हातातलं शस्त्र हरवलंय, त्यामुळे वज्र असेल तर झ्यूस, त्रिशूळ असेल तर पोसायडन, हे अजून ठरलेलं नाही. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते आणि डोक्यात कोल्हापूरचा तो छोटा पोसायडन होता, त्याला इतक्या लांब कुणी आणलं असेल. तेव्हा काका, तुम्ही आधी कार्ल्यालाच जा. पण तिथे खांबांवरची ती यवनांची नावं कुणाकडून तरी वाचून घ्या.