महापालिकेत काम करताना सूक्ष्म अर्थशास्त्र कसं अभ्यासावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात महापालिकेची नोकरी, शिक्षण सिव्हिलचं, नोकरी सांभाळून सार्वजनिक व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम घेतलाय, पहिल्याच सत्रात सूक्ष्म अर्थशास्त्राचा पेपर आहे, हातात तीन महिने आणि पुस्तकातली पिझ्झा-बर्गरची उदाहरणं डोक्यात शिरत नाहीत.

पहिली गोष्ट, पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. बहुतेक पुस्तकांत उपभोक्त्याचं वर्तन आणि समवृत्ती वक्र (सारखंच समाधान देणाऱ्या वस्तूंच्या जोड्या जोडणारी रेषा) सुरुवातीलाच येतात. त्यातच महिना जातो, आणि नियंत्रित किंमत, बाह्यता (एकाच्या कृतीचा तिसऱ्यावर होणारा परिणाम), माहितीची विषमता (व्यवहारात एका बाजूला जास्त माहिती असणं) हे तुमच्या रोजच्या कामाचे भाग परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उरकावे लागतात. क्रम असा ठेवा: संधी खर्च (सोडून दिलेल्या पर्यायातून मिळालं असतं ते) आणि सीमांत खर्च (एक एकक वाढवल्यावर वाढणारा खर्च), मग मागणी-पुरवठा व लवचिकता (किंमत एक टक्का बदलली की मागणी किती टक्के बदलते), मग मक्तेदारी आणि दरआकारणी, मग बाह्यता, मग माहितीची विषमता, आणि समवृत्ती वक्र अगदी शेवटी. वाचायला इग्नूचं ई-ज्ञानकोश मोफत आहे, ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावर व्याख्यानं मिळतात. साहित्याची अडचण नाहीच, अडचण आकडेमोड टाळण्याची असते.

सीमांत खर्चाला पूर्ण तीन आठवडे द्या. सरकारी फाइलमध्ये सगळीकडे सरासरी असते, आणि निर्णय सरासरीवर घेतला की हमखास चुकतो. बसमार्गाचं उदाहरण घ्या (आकडे गणितापुरते). किलोमीटरमागे खर्च 110 रुपये, उत्पन्न 60, म्हणजे तोटा 50, मार्ग बंद करा असा शेरा. आता 110 फोडा: इंधन, टायर, ऑइल 35, चालक-वाहकांचे पगार 50, घसारा, डेपो, कार्यालय 25. कर्मचारी कायम असतील तर मार्ग बंद करून वाचतात फक्त 35 आणि जातात 60. तोटा 25 रुपयांनी वाढतो. पण तीच बस दुसऱ्या मार्गावर 75 रुपये मिळवणार असेल तर 60च्या मार्गावर ती चालवण्याचा संधी खर्च 75 आहे, आणि मग बस हलवणं बरोबर. एकाच मार्गाची ही तीन उत्तरं कशी आली हे समजलं की अर्धा विषय हातात आला. पुढची पायरी म्हणून ठेकेदाराच्या, प्रति किलोमीटर दराच्या ई-बसचं गणित करा. तिथे करारात किमान किलोमीटरची हमी असते आणि न धावलेल्या किलोमीटरचेही काही पैसे द्यावे लागतात. म्हणून हमीच्या खाली फेऱ्या कापल्या तर वाटते तेवढी बचत होत नाही.

याच भागात बुडीत खर्च येतो. ‘आतापर्यंत 12 कोटी खर्च झालेत, आता थांबवता येणार नाही’ हे वाक्य तुम्ही टिपणीत वाचलं असेलच. गेलेले 12 कोटी दोन्ही पर्यायांत गेलेलेच आहेत, तुलना फक्त पुढच्या खर्चाची आणि पुढच्या लाभाची. मार्चअखेरची खर्चाची घाईही इथेच समजून घ्या: 31 मार्चला न वापरलेला निधी व्यपगत होणार (हातचा जाणार) असेल तर त्या खात्याच्या दृष्टीने पैशाचा संधी खर्च शून्य होतो, शहराच्या दृष्टीने होत नाही.

लवचिकता. भाडं 10 रुपये, रोजचे प्रवासी 1,00,000. भाडं 12 केलं आणि लवचिकता उणे 0.4 धरली, तर प्रवासी 8 टक्क्यांनी घटून 92,000 राहतात आणि उत्पन्न 10 लाखांवरून 11 लाख 4 हजार होतं. पण दोन-तीन वर्षांत लोक शेअर रिक्षा किंवा दुचाकीकडे वळतात. लवचिकता उणे 0.8 झाली की 84,000 प्रवासी आणि 10 लाख 8 हजार उत्पन्न. एवढ्यासाठी 16,000 प्रवासी गमावले. अल्पकाळ आणि दीर्घकाळ वेगळे न मांडणारा दरवाढीचा प्रस्ताव अपुराच समजा.

सरावाला जवळचंच उदाहरण आहे. जुलै 2019मध्ये बेस्टने साध्या बसचं किमान भाडं 8 वरून 5 रुपये केलं, मे 2025मध्ये ते 10 झालं. पहिल्या कपातीत त्या टप्प्याचं उत्पन्न कायम राहायला प्रवासी किती वाढायला हवे होते? 60 टक्के (8 भागिले 5). मात्र आधीची आणि नंतरची प्रवासीसंख्या घेऊन थेट लवचिकता काढू नका. मधल्या काळात कोविड आला, नव्या मेट्रो सुरू झाल्या, बसची संख्या बदलली. मागणी वक्रच सरकला असेल, तर तुम्ही काढलेला आकडा लवचिकता नसतो. परीक्षेत सर्वांत जास्त गुण इथेच जातात: वक्रावरून सरकणं (फक्त किंमत बदलली) आणि वक्र सरकणं (बाकीची परिस्थिती बदलली) यांत गल्लत. आणखी एक, 10 ते 12 ही 20 टक्के वाढ, पण 12 ते 10 ही 16.67 टक्के घट. म्हणून मध्यबिंदू पद्धत वापरा, म्हणजे टक्केवारी दोन्ही किमतींच्या सरासरीवर (11) काढा, दोन्हीकडून 18.18 येतं.

नियंत्रित किमतीसाठी ठाणे स्टेशनबाहेर पावसातल्या संध्याकाळी बघा. रिक्षाचं किमान मीटरभाडं फेब्रुवारी 2025पासून 26 रुपये, पाऊस असो वा नसो. मागणी वाढली तरी दर हलत नाही, मग उरलेली किंमत रांगेतल्या वेळेत आणि भाडं नाकारण्यात वसूल होते.

पाण्याच्या दराला मात्र वेळ द्या. नवी मुंबईकडे स्वतःचं मोरबे धरण आहे, ठाण्याला वेगवेगळ्या स्रोतांकडून वेगवेगळ्या दराने पाणी येतं. समजा 60 टक्के पाणी 8 रुपये घनमीटरने आणि 40 टक्के 14 रुपयांनी मिळतं. सरासरी 10.40. घोडबंदर रोडवरच्या नव्या संकुलाला पाणी देण्याचा घनमीटरमागे सीमांत खर्च मात्र किमान 14, कारण वाढीव पाणी महागड्या स्रोतातूनच येणार.

चढत्या टप्प्यांच्या दरात एक सापळा असतो. दरमहा 20 घनमीटरपर्यंत 8 रुपये, पुढे 16 असा दर धरा. सोसायटीत 100 घरं, एकच मीटर, वापर 1,800 घनमीटर, म्हणजे घरटी 18. टप्पा घरांच्या संख्येने गुणला तर बिल 14,400 रुपये. नाही गुणला तर 160 अधिक 28,480, म्हणजे 28,640. काटकसरीने राहूनही दुप्पट. चाळीतल्या सामायिक नळाला हाच फटका बसतो, आणि गरिबांसाठी आखलेला टप्पा गरिबांवरच उलटतो. शिवाय बिल समान वाटलं जात असेल, तर एका घराने एक घनमीटर वाचवल्यावर 8 रुपये वाचतात, त्यातले त्या घराच्या वाट्याला आठ पैसे. ‘दर वाढवूनही वापर का घटत नाही’ याचं उत्तर यात आहे. फुकट्यांची समस्या (खर्च सगळ्यांचा, म्हणून कुणीच झळ सोसत नाही) शिकायला पुस्तकातल्या दीपस्तंभापेक्षा हे उदाहरण बरं.

निविदा म्हणजे माहितीची विषमता. अंदाजपत्रकापेक्षा 25 टक्के ‘बिलो’ (कमी दराचं) टेंडर आलं तर त्यामागे तीन वेगळी कारणं असू शकतात. ठेकेदाराचा अंदाज चुकला, आणि ज्याने खर्च सर्वांत कमी धरला तोच जिंकला (विजेत्याचा शाप). किंवा मागाहून वाढीव बाबींतून आणि दर्जा घसरवून वसूल करायचं ठरलंय. किंवा अंदाजपत्रकच फुगलेलं होतं. पहिल्यावर उपाय दरपृथक्करण (दर कसा काढला याचा तपशील) मागण्याचा, दुसऱ्यावर जादा सुरक्षा ठेव आणि त्रयस्थ तपासणीचा, तिसऱ्यावर दरसूची तपासण्याचा. उत्तरपत्रिकेत तिन्ही एकाच ‘भ्रष्टाचार’ या शब्दाखाली घातले की गुण जातात.

समवृत्ती वक्र शेवटच्या दहा दिवसांत करा, आणि एकच आकृती नीट: ठरावीक रकमेच्या प्रवासाचा मोफत बसपास आणि तेवढीच रोख रक्कम. ज्याचा प्रवास पासच्या किमतीएवढा किंवा जास्त आहे त्याला दोन्ही सारखेच. कमी प्रवास करणाऱ्याला रोख जास्त समाधान देते, कारण प्रवास आडव्या अक्षावर धरला आणि पास असला की अर्थसंकल्प रेषेचा (हातातल्या पैशात काय काय घेता येतं ती रेषा) एक तुकडा आडवा होतो. तो आडवा तुकडा काढायला विसरू नका, परीक्षक तोच बघतात.