पाच डबे बाजूला ठेवा, आधी चंदी बदला

तुमची घोडी मारवाडी, सहा वर्षांची, वजन साडेतीनशे किलोच्या आसपास. 40 किलोमीटरच्या एन्ड्युरन्स राइडची, म्हणजे लांब पल्ल्याच्या घोडदौडीची, तयारी चालू आहे. पण दुडकीत (ट्रॉटमध्ये) पाय आखडून टाकते, आज पुढचा दुखतो तर चार दिवसांनी मागचा. नालबंद म्हणतो खुरात काही नाही. दुकानदाराने लिक्विड कॅल्शियम, इलेक्ट्रोलाइट, बायोटिन, सांध्यांची पावडर आणि ई-सेलेनियम (व्हिटॅमिन ई व सेलेनियम) असे पाच डबे दिलेत. त्यातले कुठले द्यायचे, हा तुमचा प्रश्न.

माझ्या मते गोम तुम्ही चंदीबद्दल, म्हणजे घोडीच्या रोजच्या खुराकाबद्दल, सहज लिहून गेलात त्या ओळीत आहे: "चंदीला दोन किलो कोंडा, दोन किलो भिजवलेला हरभरा, आणि हिरवं म्हणून हायब्रिड नेपियर."

दोन किलो गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस 20 ग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियम जेमतेम तीन ग्रॅम. घोड्याला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त लागतं, निदान दीडपट तरी. हरभराही फॉस्फरसच्याच बाजूचा. त्यात नेपियर, म्हणजे हत्ती गवत. नेपियरमध्ये कॅल्शियमला बांधून ठेवणारं ऑक्झलेट भरपूर असतं. गायीच्या कोठीपोटातले जंतू ते आधीच मोडून टाकतात, म्हणून शेजारच्या गोठ्यात नेपियर बिनधास्त चालतं. घोड्याचं कॅल्शियम लहान आतड्यात शोषलं जातं आणि असे जंतू त्याच्या पुढे, मोठ्या आतड्यात. तोवर ऑक्झलेटने कॅल्शियम बांधून ठेवलेलं असतं. उसाच्या वाढ्यांचंही तेच.

मग शरीर हाडांतून कॅल्शियम उपसतं. घोडी कधी या पायाने, कधी त्या पायाने लंगडते. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधल्या भागावर दोन्ही बाजूंनी अंगठा फिरवून बघा. तिथलं हाड कडेला रेखीव लागलं पाहिजे. भरल्यासारखं, गोलसर लागलं किंवा घोडी चावताना घास टाकत असेल, तर उशीर करू नका, एक्स-रे काढून घ्या. रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, हाडं झिजवून शरीर तेच सांभाळत असतं. डॉक्टरांना रक्ताबरोबर लघवीतलं फॉस्फरस तपासायला सांगा.

आता चंदी. कोंडा हळूहळू बंद करा, हरभरा निम्मा, उरलेली जागा ओटला. नेपियरऐवजी हरळी, मारवेल किंवा ओटचं वाळलेलं गवत, शिवाय पाच किलो हिरवा लसूणघास. एवढ्या घासात 12 ते 14 ग्रॅम कॅल्शियम येतं. कामावरच्या या वजनाच्या घोडीला दिवसाला 25 ग्रॅम लागतं. बाकीचं गवतातून आणि पशुखाद्याच्या दर्जाच्या चुनखडी पावडरीतून. तिचं माप डॉक्टरांकडून ठरवून घ्या. डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) आणू नका, त्यात परत फॉस्फरसच आहे. हा बदल आठ-दहा दिवसांत टप्प्याटप्प्याने करा. मोतद्दाराने, म्हणजे घोडी सांभाळणाऱ्याने, एका दिवसात तोबरा बदलला तर पोटशूळ ठरलेला.

डब्यांविषयी. गायीच्या लिक्विड कॅल्शियमचं लेबल वाचा: 100 मिलीत बहुधा दीड-दोन ग्रॅम, आणि सोबत फॉस्फरस. पैसे पाण्यात. बायोटिनचा उपयोग होतो, पण खूर महिन्याला सेंटिमीटरभरही वाढत नाही, त्यामुळे फरक दिसायला नऊ-दहा महिने. सांध्यांच्या पावडरीबद्दल पुरावा तोकडा आहे, मी देत नाही. इलेक्ट्रोलाइट घाम गाळलेल्या दिवशी, समोर भरपूर पाणी असेल तरच. एरवी चंदीत 20 ग्रॅम साधं मीठ, मेहनतीच्या दिवशी त्याच्या दुप्पट.

सेलेनियमला मात्र हात लावू नका. ते बऱ्याच खनिज मिक्स्चरमध्ये आधीच असतं आणि गरज व विष यांत अंतर कमी. एप्रिल 2009 मध्ये फ्लोरिडात पोलोच्या एकाच संघाचे 21 घोडे मेले. पूरक इंजेक्शन बनवताना सेलेनियमचं प्रमाण चुकलं होतं. आणि कोंबड्यांचं किंवा दुभत्या जनावरांचं उरलेलं खाद्य चुकूनही नको. त्यात मोनेन्सिन हे खाद्यात मिसळायचं औषध असलं तर गायीला काही होत नाही, घोड्याचं हृदय बंद पडतं.

या हंगामातली राइड सोडा. चंदी सुधारली की लंगडणं काही आठवड्यांत कमी व्हायला हवं, पण हाड भरून यायला नऊ महिने ते वर्ष जातं. तोवर सकाळची पायी चाल पुरे, दुडकी डॉक्टरांनी सांगितल्यावर. चेहऱ्याचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि लघवीचा रिपोर्ट टाका, मग पुढचं बघू.