गुडघ्याचं माप घेतलं, विम्याचं कुणी घेतलंच नाही

प्रश्न: औसा तालुक्यात चार एकर कोरडवाहू शेती आहे, लातुरात दुकानावर नोकरी, पगार २५ हजार. वय ४३. लेक १९ वर्षांची, कबड्डी खेळते. पकड करताना गुडघा फिरला, गुडघ्याची हाडं बांधून ठेवणारं एसीएल लिगामेंट तुटलं. एमआरआय पाहून डॉक्टर म्हणाले, हाडाची खाच अरुंद आहे, लिगामेंट मुळातच बारीक होतं. शस्त्रक्रियेला दीड लाख; दात्याचं तयार लिगामेंट बसवलं तर अडीच. तीन लाखांची एफडी पाच महिन्यांनी पिकते. ती मोडू की सोनं गहाण ठेवू? लेक सहा महिन्यांत खेळायला लागेल, खेळाडू कोट्यातून भरती झाली की पैसे फिटतील. दवाखान्याच्या विम्याचे वर्षाला ४८,००० भरतो, सात हप्ते झाले. झेरॉक्स पाठवतोय, त्यातून किती मिळतील?

उत्तर: एफडी मोडू नका, सोनंही घरातच राहू द्या. एफडीवर कर्ज काढा. एफडीच्या व्याजापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त पडेल. एफडीचं व्याज वजा जाता दीड लाखावर पाच महिन्यांचा भुर्दंड हजाराच्या आसपास.

त्याआधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात जा. पांढऱ्या रेशनकार्डाचा शेतकरीही त्यात बसतो. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. ही शस्त्रक्रिया यादीत बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला विचारा. मंजुरी आधी लागते, नंतर बिल दाखवून काही मिळत नाही.

आता वरचे एक लाख. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला दोन उंचवट्यांमध्ये खाच असते, एसीएल तिच्यातून जातं. खाच अरुंद असेल तर लिगामेंटही बहुधा लहान असतं, तुटायची जोखीमही जास्त. पण हा संबंध ढोबळ आहे, खाचेवरून नेमकी जाडी ठरत नाही. शिवाय अरुंद खाचेत जाड ग्राफ्ट, म्हणजे तुटलेल्याच्या जागी बसवायचं लिगामेंट, कोंबलं तर ते हाडाला घासतं. सहसा रुग्णाच्याच मांडीमागच्या स्नायूची शीर (टेंडन) काढून चार पदरी करतात आणि अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने वाढणाऱ्या छिद्रांतून सारून टेबलावरच मोजतात. ८ मिलिमीटरपेक्षा बारीक भरलं तर तरुण खेळाडूंत ते पुन्हा तुटण्याची भीती वाढते. तेव्हा पाच-सहा पदरी करता येतं. आणि कोवळ्या वयाच्या खेळाडूंत दात्याचं ग्राफ्ट स्वतःच्या ग्राफ्टपेक्षा जास्त वेळा तुटतं. म्हणून सर्जनला सरळ विचारा: तिची स्वतःची शीर का नको? उत्तर पटलं नाही तर दुसऱ्या सर्जनला एमआरआय दाखवा. ग्राफ्ट हाडात पक्कं करणाऱ्या स्क्रू-बटणांचा खर्च वेगळा लिहून घ्या.

सहा महिन्यांचा हिशेब मात्र डोक्यातून काढा. नऊ महिन्यांच्या आत स्पर्धेत उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच जास्त असतो. फिजिओथेरपीला ३०-४० हजार बाजूला ठेवा. खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यावर कर्जाचा हप्ता टाकता येत नाही. लेकीवर तो भार टाकूही नका.

आता झेरॉक्स. तिच्यातून दवाखान्याचा एक रुपया मिळणार नाही. ही एंडोमेंट पॉलिसी आहे, म्हणजे बचत आणि आयुर्विमा एकत्र. ज्याला एजंटाने "हॉस्पिटल पण आहे त्यात" म्हणून सांगितलं, तो अपघाती मृत्यू आणि अपंगत्वाचा रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं जादा कलम आहे. पगारातले महिन्याला चार हजार सात वर्षं चुकीच्या कागदावर गेले, याचा मला संताप येतो. वीस वर्षांत ९.६ लाख भरायचे, एजंटाच्याच आकड्याने १६ लाख मिळायचे: परतावा पाच टक्क्यांच्या आत. उद्या तुम्हाला काही झालं तर घरच्यांना ८ लाख, म्हणजे तुमचा ३२ महिन्यांचा पगार. आणि कुणी आजारी पडलं तर शून्य.

आज सरेंडर केलीत, म्हणजे मुदतीआधी मोडलीत, तर भरलेल्या ३.३६ लाखांपैकी निम्म्याच्या आसपास हाती येतील. त्यापेक्षा पेड-अप करा: हप्ते बंद होतील, आतापर्यंत भरल्याच्या प्रमाणात रक्कम मुदतीला मिळेल. त्याच ४८ हजारांतून ५० लाखांचा टर्म विमा (फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा), ढोबळ १०-१२ हजार, आणि चौघांचा १० लाखांचा फ्लोटर (सगळ्यांना मिळून एकच रक्कम) आरोग्य विमा, २०-२५ हजार. वैयक्तिक विम्यावर आता जीएसटीही नाही. उरतील ते फिजिओला.

क्रम चुकवू नका. आधी टर्म विमा हातात येऊ द्या, मगच जुने हप्ते थांबवा. नव्या आरोग्य विम्यातून या गुडघ्याचा खर्च आता मिळणार नाही. आधीपासूनच्या दुखण्याला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. तरीही अर्जात लेकीची दुखापत आणि शस्त्रक्रिया स्पष्ट लिहा. एजंट "ते राहू द्या" म्हणाला तरी लिहा, नाहीतर पुढचा दुसराच दावाही याच कारणाने अडू शकतो.