विमानातला पेला आणि मनातला संशय

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी मी मुलीकडे जाण्यासाठी मुंबईहून युरोपला एकटीच विमानाने गेले. माझे वय ५८ आहे. मळमळू नये म्हणून निघण्यापूर्वी अ‍ॅव्होमिनची गोळी घेतली होती. जेवणाबरोबर थोडी वाईन घेतली. शेजारचे गृहस्थ स्वतःसाठी पेय आणायला मागे गेले, तेव्हा न मागता माझ्यासाठीही एक ग्लास घेऊन आले आणि भिडेखातर मी तो प्याले. त्यानंतरचे काहीच आठवत नाही. विमान उतरण्याच्या बेतात असताना हवाईसुंदरीने हलवून जागे केले, तेव्हा पाय लटपटत होते आणि जीभ जड झाली होती. पर्स, बांगड्या सगळे जागेवर होते. मुलगी म्हणते, ग्लासात काहीतरी मिसळले होते; जावई म्हणतात, वाईन बाधली. आता तक्रार करता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मुलीचे आणि जावयांचे, दोघांचेही म्हणणे शक्य कोटीतले आहे. दोन महिन्यांनंतर त्यांतले खरे कोणते हे छातीठोकपणे सांगणे कोणत्याही डॉक्टरला किंवा पोलीस अधिकाऱ्याला जमणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मात्र त्यासाठी स्वतःला बोल लावू नका. अनोळखी माणसाने आणलेला ग्लास घेणे ही फार तर गैरसावधता म्हणता येईल. त्यात कोणी काही मिसळले असेल, तर गुन्हा मिसळणाऱ्याचा आहे.

प्रथम आपल्या गोळीविषयी. अ‍ॅव्होमिनमधले प्रोमेथाझिन मळमळ थांबवते, पण ते चांगलेच गुंगी आणणारे औषध आहे. त्यावर मद्य घेतले की दोन्हींचा परिणाम एकमेकांवर चढतो, आणि साठीच्या आसपासच्या शरीरात तो तरुणांपेक्षा अधिक काळ रेंगाळतो. त्यात विमानाच्या केबिनमधली हवा समुद्रसपाटीसारखी नसते. तिथला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे. म्हणजे आपण जेवलात आणि वाईन घेतलीत ती कळसूबाईच्याही वर बसून. प्राणवायू कमी, हवा कोरडी, त्यात अवेळची झोप, अशा स्थितीत एक गोळी आणि दोन ग्लास मिळून आपण वर्णिलेली अवस्था आणू शकतात. तिसऱ्या कोणाचा हात असलाच पाहिजे असे नाही.

झोपेच्या गोळ्यांची गोष्ट तर याहून चमत्कारिक आहे. १९८७ साली अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात ‘प्रवाशांचे विस्मरण’ म्हणून एक टिपण प्रसिद्ध झाले. युरोपला जाताना ट्रायझोलाम ही झोपेची गोळी आणि जोडीला मद्य घेतलेल्या काही प्रवाशांच्या स्मृतीतून पुढचे कित्येक तास पुसले गेले होते. ते हिंडले-फिरले, बोलले आणि नंतर त्यांना त्यातले काही आठवेना. हे प्रवासी मेंदूविज्ञानाचेच अभ्यासक होते. आपल्या डोक्यात काय चालते हे ज्यांना सर्वांत चांगले ठाऊक असायचे, त्यांची ही गत.

म्हणून एका गोष्टीची शहानिशा जरूर करा. आपण ते तास नुसत्या झोपलात, की उठलात, बोललात, न्याहारी केलीत आणि ते आठवत नाही? गाढ झोप आणि स्मृतीतली पोकळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या रात्री मुलीला आपला एखादा संदेश गेला होता का, फोनमध्ये न आठवणारे छायाचित्र आहे का, हे पाहा. नुसती झोप असेल तर आपली गोळी आणि वाईन यांवर संशय अधिक जातो. जागेपणीचे तास गेले असतील, तर बेन्झोडायझेपिन गटातले (झोपेच्या व चिंता कमी करणाऱ्या गोळ्यांचा गट) किंवा तत्सम औषध पोटात गेल्याची शंका बळावते. मात्र भरपूर मद्यानेही असे होते, हे विसरता येत नाही.

आता मुलीच्या शंकेविषयी. रेल्वेत चहाबिस्किटांतून गुंगीचे औषध देऊन लुटण्याचे प्रकार आपल्याकडे वर्षानुवर्षे होत आले आहेत, आणि त्यांत लोराझेपाम या त्याच गटातल्या औषधाचा वापर वैद्यकीय नियतकालिकांत नोंदला गेला आहे. विमानात चोराला मधल्या स्टेशनावर उतरून जाता येत नाही, त्याचे नाव आणि आसनक्रमांक यादीत असतो, म्हणून लुटीसाठी हा मार्ग गैरसोयीचा आहे. परंतु लुटीपलीकडचा हेतू असू शकतो आणि त्याविषयी बोलताना संकोच करून चालणार नाही. अमेरिकेच्या एफबीआयकडे विमानातल्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी २०१४ साली ३८ होत्या, त्या २०१७ साली ६३ झाल्या, असे त्या संस्थेने २०१८ मध्ये जाहीर केले होते. लांबचे उड्डाण, दिवे मंद केलेले, अंगावर पांघरूण आणि झोपेत किंवा नशेत असलेला शेजारी, असेच त्या घटनांचे वर्णन होते. मद्याबरोबर झोपेची गोळी घेण्यापूर्वी दोनदा विचार करा आणि दोन आसनांमधला हात टेकण्याचा दांडा खाली ठेवा, असे त्यांनी प्रवाशांना सांगितले होते. दांडा किरकोळ वाटतो, पण शेजाऱ्याने तो वर करायला घेतला की काहीतरी बिनसले आहे हे लगेच कळते.

त्या वेळी आपण शुद्धीत आला असतात आणि शंका आली असती, तर काय करता आले असते तेही लिहितो, कारण हा प्रसंग दुसऱ्या कोणावर येऊ शकतो. क्रूपैकी कोणालाही ‘माझ्या पेयात काही मिसळल्याचा मला संशय आहे’ असे नेमक्या शब्दांत सांगावे. ‘बरे वाटत नाही’ म्हटले की बहुधा लिंबूपाणी आणि ओला टॉवेल येतो, आणि ग्लास कचऱ्याच्या ट्रॉलीत जातो. ग्लास उरलेल्या पेयासकट स्वच्छ पिशवीत वेगळा ठेवायला सांगावा, आसन बदलून मागावे, आणि विमान उतरताच डॉक्टर व पोलीस हवेत असे कप्तानापर्यंत पोहोचवायला सांगावे. सर्वांत महत्त्वाची लघवीची चाचणी. जीएचबी नावाचे गुंगी आणणारे द्रव्य रक्तात सहा-आठ तास आणि लघवीत सुमारे १२ तासच सापडते. नऊ तासांच्या उड्डाणात यातला बराचसा वेळ हवेतच जातो आणि उरलेला इमिग्रेशनच्या रांगेत. त्यामुळे पहिली लघवी स्वच्छ बाटलीत घेऊन ठेवणे हे ऐकायला कितीही विचित्र वाटले, तरी पुरावा म्हणून त्याची किंमत मोठी असते. लोराझेपामसारखी औषधे लघवीत काही दिवस सापडतात. काही औषधांचा माग केसांच्या चाचणीतून काही आठवड्यांनीही लागू शकतो, पण ती सोय थोड्याच प्रयोगशाळांत असते. शिवाय आपण स्वतः घेतलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगायलाच हवी, नाहीतर अहवालाचा अर्थ लावणे कठीण होते.

तक्रार आजही करता येते. गुन्ह्याच्या हेतूने गुंगीचे द्रव्य देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा असलेला गुन्हा आहे, त्यामुळे दोन महिन्यांच्या उशिराने मुदत टळत नाही. विमान भारतात नोंदलेले असेल, तर ते आकाशात कुठेही असले तरी भारतीय कायदा लागू होतो आणि नाशिकच्या पोलीस ठाण्यातही शून्य क्रमांकाने (म्हणजे घटना त्या ठाण्याच्या हद्दीबाहेरची असली तरी) गुन्हा नोंदवता येतो. विमान परदेशात नोंदलेले असेल, तर विमानातल्या गुन्ह्यांविषयीच्या १९६३ च्या टोकियो कराराप्रमाणे नोंदणीच्या देशाचा अधिकार पुढे येतो; ब्रिटनसारख्या काही देशांनी आपल्याकडे उतरणाऱ्या परदेशी विमानांपर्यंतही स्वतःचा कायदा वाढवला आहे.

माझे मत विचाराल तर आधी विमान कंपनीला लेखी पत्र पाठवा. उड्डाणाचा क्रमांक, तारीख आणि आसन देऊन त्या रात्रीचा क्रूचा अहवाल जपून ठेवण्याची मागणी करा, आणि ज्या हवाईसुंदरीने आपल्याला जागे केले तिचे म्हणणे नोंदवून घ्यायला सांगा. दुसरा ग्लास किती वाजता आणि कोणी दिला, हे तिला किंवा तिच्या सहकाऱ्याला आठवत असण्याची शक्यता आहे. शेजाऱ्याचे नाव आपल्याला कंपनी सांगणार नाही, पोलिसांना सांगेल. तोवर त्या गृहस्थांचे वर्णन समाजमाध्यमांवर टाकू नका. त्यांनी निव्वळ अगत्याने ग्लास आणला असण्याची शक्यताही तितकीच खरी आहे.

प्रश्न : विमानात मद्य लवकर चढते असे म्हणतात. वडिलांना हृदयविकार आहे. त्यांनी लांबच्या प्रवासात थोडे घ्यावे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तेवढ्याच मद्याने रक्तातले मद्याचे प्रमाण उंचीवर वाढते, हा समज चुकीचा आहे. वाढतो तो त्रास, आणि तोही मुख्यतः झोपेत. कोलोनच्या जर्मन संशोधकांनी २०२४ साली ‘थोरॅक्स’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. १८ ते ४० वयाच्या ४८ निरोगी व्यक्तींपैकी निम्म्या विमानासारखा दाब असलेल्या खोलीत झोपवल्या आणि निम्म्या साध्या खोलीत. एका रात्री मद्य देऊन, दुसऱ्या रात्री न देता. साध्या खोलीत मद्याविना झोपलेल्यांच्या रक्तातला प्राणवायू सुमारे ९६ टक्के आणि नाडी ६४ होती. कमी दाबात मद्य घेऊन झोपलेल्यांचा प्राणवायू ८५ टक्क्यांपर्यंत उतरला आणि नाडी ८८ वर गेली. मद्य किती, तर बिअरचे दोन कॅन होतील एवढेच. ही तरुण, धडधाकट मंडळी होती. वडिलांनी घेऊ नये. त्यांच्या डॉक्टरांना विचाराल तेव्हा ‘विमानात, आणि नंतर झोपणार’ हे दोन्ही सांगा; घरच्या एका पेगसाठी मिळालेली परवानगी इथे लागू धरू नका.

प्रश्न : आमच्या ग्रुपमधला एकजण ड्यूटी फ्रीची बाटली उघडून शीतपेयात मिसळून विमानात सगळ्यांना पाजतो. आपलीच बाटली, आपलेच पैसे. यात गैर काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : गैर आहे, आणि पेयात मिसळामिसळीचा विमानातला नेहमीचा प्रकार कोणता असे विचाराल तर हाच. भारतीय कंपन्या स्वतःची बाटली विमानात पिऊ देत नाहीत. अमेरिकेत तर क्रूने न दिलेले मद्य पिणे हे थेट नियमाचे उल्लंघन आहे. देशांतर्गत उड्डाणांत आपल्याकडे मद्य दिलेच जात नाही, तेव्हा पुणे-दिल्ली विमानात कोकाकोलातून रम पिणाऱ्याला कसलीच सबब उरत नाही. नियमामागे साधे कारण आहे. कोणाला किती झाली याचा हिशेब क्रू दिलेल्या पेयांवरून ठेवतो, आणि पिशवीतली बाटली तो हिशेब खोटा पाडते. आणखी एक गोष्ट आपल्या मित्राला सांगा. ग्रुपमधल्या एखाद्याला न सांगता त्याच्या शीतपेयात व्होडका ओतली, तर ती थट्टा राहत नाही. जगभर पेयात गुपचूप मिसळले जाणारे सर्वांत सामान्य द्रव्य मद्यच आहे. ब्रिटनच्या विमानांत नुसते मद्यधुंद असणेही दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. बाटली न्यायचीच असेल तर ती सीलबंद पिशवीत तशीच राहू द्या, नाहीतर सामानात टाका. २४ ते ७० टक्के मद्यार्काची बाटली दर प्रवाशी पाच लिटरपर्यंत चालते, ७० टक्क्यांवरची अजिबात नाही.

प्रश्न : मी केबिन क्रूचे प्रशिक्षण घेत आहे. प्रवाशाला तिसरे पेय नाकारले की तो उलट ‘तुम्हीच काहीतरी मिसळले’ असा आरोप करतो, असे सीनियर्स सांगतात. स्वतःला कसे सांभाळावे?
— एक प्रशिक्षणार्थी, कोल्हापूर

उत्तर : आरोपाला उत्तर देण्याची वेळ येऊ नये, अशी सोय सेवेच्या रीतीतच करून ठेवता येते. मद्याच्या ट्रॉलीला क्रमांकित सील असते. तो क्रमांक कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय सील तोडू नका, कितीही घाई असली तरी. मिनिएचर म्हणजे ५० मिलीलिटरची बाटली प्रवाशासमोरच उघडा. झाकणाखालची कडी तुटल्याचा आवाज त्याच्या कानावर पडू द्या, बाटली आणि रिकामा ग्लास दोन्ही त्याच्यापुढे ठेवा, ओतणे त्याच्यावर सोपवा. गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकाच्या कोपऱ्यात, ओतून आणलेल्या पेयावरून वाद निघाला तर बाजू मांडणे जड जाते. आणि नाशिकच्या पत्रातून एक धडा आपल्यासाठीही आहे. एखादा प्रवासी गॅलीत येऊन दोन ग्लास मागू लागला, तर दुसरा ज्याच्यासाठी आहे त्याच्या हातात तो स्वतः नेऊन द्या. शेजारची व्यक्ती एकटी आणि झोपाळलेली असेल, तर विशेषच.

नकार देताना ‘तुम्हाला चढली आहे’ असे म्हणू नका. ‘थोड्या वेळाने पाहू, तोवर पाणी आणि खायला देते’ एवढे पुरते. नकार कोणी दिला आणि किती वाजता, हे सहकाऱ्यांना लगेच सांगा. नाहीतर तोच प्रवासी मागच्या गॅलीत जाऊन दुसऱ्याकडून ग्लास मिळवतो, हे आपले सीनियर्सही सांगतील.

प्रकरण हाताबाहेर गेले तर लिहून ठेवण्याला पर्याय नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१७ च्या नियमावलीत बेशिस्तीच्या तीन पातळ्या आहेत. शिवीगाळ आणि मद्यधुंदपणा पहिल्या पातळीत मोडतो व त्याला तीन महिन्यांपर्यंत प्रवासबंदी होते. धक्काबुक्की किंवा लैंगिक छळ दुसऱ्या पातळीत, सहा महिन्यांपर्यंत. जिवावर बेतणारे वर्तन तिसऱ्यात, किमान दोन वर्षे. निर्णय निवृत्त जिल्हा न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालची समिती ३० दिवसांत देते आणि ती आपला कागद वाचूनच देते. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क-दिल्ली विमानात मद्यधुंद प्रवाशाने वृद्ध सहप्रवासी महिलेवर लघवी केल्याचे प्रकरण आपण ऐकले असेल. त्यात एअर इंडियाला ३० लाख रुपयांचा दंड झाला आणि वैमानिकाचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित झाला. विमान उतरल्यापासून १२ तासांत महासंचालनालयाला कळवायचे होते, ते झाले नव्हते. म्हणून प्रवाशाने ‘मिसळले’ म्हटले, तर तो नशेत बोलतो आहे असे वाटले तरी त्याचे शब्द जसेच्या तसे, वेळेसकट लिहा, त्याचा ग्लास बाजूला काढून ठेवा आणि पर्सरची, म्हणजे केबिन क्रूच्या प्रमुखाची, सही घ्या.