आईला होतं, मग मलाही होणार का?

या वेळी आलेल्या प्रश्नांत बहुतेक सगळ्यांची भीती एकच आहे, आईबाबांचा विसरण्याचा आजार, म्हणजे अल्झायमर, आपल्याकडे येणार का.

प्रश्न: आईला 76 व्या वर्षी अल्झायमर निघाला. मी 51 ची, चष्मा कुठे ठेवला तेच आठवत नाही. मलाही होणार का?

उत्तर: ताई, चष्मा मीही रोज शोधतो. उतारवयात होणाऱ्या अल्झायमरमध्ये एकट्या जीनवर (जनुकावर, म्हणजे आईबाबांकडून वारशाने येणाऱ्या घटकावर) खापर फोडता येत नाही. सगळीकडे नाव ऐकू येतं ते एपीओई जीनचं, त्याचे ई2, ई3, ई4 असे प्रकार, एक आईकडून येतो एक वडिलांकडून. एक ई4 असेल तर धोका साधारण दोन-तीन पट, दोन्ही ई4 तर आठ-बारा पट, आणि ई2 उलट थोडं राखतो. पण हे आकडे जास्त करून युरोपियन वंशाच्या लोकांवरून काढलेत, आपल्याला जसेच्या तसे लावू नका. ई4 असून नव्वदीत हिशोब चोख ठेवणारे असतात आणि ई4 नसताना पण हा आजार होतो.

प्रश्न: मुलाने अमेरिकेहून थुंकीवरून जीन तपासायची टेस्ट किट आणलीय. करू का? (वय 68)

उत्तर: कळल्यावर करणार काय ते आधी ठरवा. दोन्ही ई4 निघाले तर एक मुलाकडे गेलाच समजा, त्याला हे माहितीय का? लेकॅनेमॅबसारखं अल्झायमरवरचं नवीन औषध द्यायचं असेल तर मात्र ही टेस्ट खरंच कामाची, कारण दोन ई4 वाल्यांना त्याने मेंदूत सूज, रक्तस्राव व्हायचा धोका जास्त.

प्रश्न: बाबांना 44 व्या वर्षी सुरू झालं, आजोबांना पण पंचेचाळिशीतच. मी 33, लग्न ठरतंय.

उत्तर: हे वेगळं प्रकरण, टाळू नका. पीएसईएन1, पीएसईएन2 किंवा एपीपी यातल्या एखाद्या जीनमध्ये बिघाड असू शकतो, तसं असेल तर तो तुमच्याकडे यायची शक्यता निम्मी. असं फार कमी घरांत असतं. आधी जेनेटिक कौन्सेलरला (जीनच्या आजारांबद्दल आणि टेस्टबद्दल सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाला) भेटा आणि टेस्ट पहिली बाबांची, तुमची नंतर, तीही तुम्हाला हवी असेल तरच. कोलंबियातल्या अँटिओकिया भागात पीएसईएन1 चा असाच बिघाड असलेली मोठमोठी घराणी आहेत, चाळिशीतच विसरायला लागतात, पण त्यातल्या एका बाईला सत्तरीपर्यंत काही झालं नाही! तिच्याकडे एपीओईचाच एक दुर्मिळ प्रकार दोन्हीकडून आलेला, 2019 मध्ये ते छापून आलं.

प्रश्न: सासरे 72, दोन महिन्यांत एकदम विसरायला लागलेत, घराण्यात कुणालाच नाही.

उत्तर: मग जीन राहू द्या बाजूला. बी12, थायरॉइड, शुगर, सोडियम बघा, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का ते सांगा, आणि मधे कुठे बाथरूममध्ये वगैरे पडले होते का? डोक्याला मार लागून आत हळूहळू रक्त साचतं, सीटी स्कॅनमध्ये दिसतं. याच आठवड्यात न्यूरोलॉजिस्टकडे न्या.