नोटरी व्हायचंय, तर कोणते शब्द आणि कोणती कामं आधी नीट समजून घ्यावीत?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीला राहता, बेलापूर कोर्टात प्रॅक्टिसची 7 वर्षं झाली, कॅलिफोर्नियातली मावसबहीण छोटासा कोर्स करून नोटरी झाली, तर आपल्याकडे काय लागतं, कुठले शब्द पक्के माहीत हवेत, आणि ऑफिस घराजवळ टाकावं की कोर्टाजवळ. मी ठाण्याला कोर्ट नाक्याजवळ बसतो, नोटरीचं सर्टिफिकेट आतापर्यंत दोनदा रिन्यू झालंय, त्यामुळे रोजच्या कामातून जे कळलं ते सांगतो, जरा लांबेल.

आधी मावसबहिणीचं बाजूला ठेवूया, कारण नाव एकच असलं तरी पद वेगळं आहे. कॅलिफोर्नियात वकील असायची गरज नाही, 6 तासांचं ट्रेनिंग, एक परीक्षा, 15,000 डॉलरचा बाँड आणि 4 वर्षांची नेमणूक असा तिथला हिशोब आहे. आपल्याकडे नोटरीज अॅक्ट 1952 आणि नोटरीज रूल्स 1956 चालतात, परीक्षा नाही, कोर्स नाही, पण वकिलीची वर्षं मोजली जातात. साधारण वकिलाला 10 वर्षं, आणि एससी, एसटी, ओबीसी किंवा महिला वकील असेल तर 7 वर्षं. तुम्ही महिला वकील, म्हणजे तुमची अट पूर्ण झालीय, हे बऱ्याच मैत्रिणींना माहीतच नसतं आणि उगाच आणखी 3 वर्षं थांबतात. न्यायिक सेवेतल्या किंवा इंडियन लीगल सर्व्हिसमधल्या लोकांसाठीही नियमात वाट आहे, पण तो तुमचा विषय नाही.

नेमणूक केंद्र सरकार करतं किंवा राज्य सरकार करतं, दोन्ही वेगळ्या आहेत. राज्याचा नोटरी राज्यापुरता किंवा राज्यातल्या ठरावीक भागापुरता, केंद्राचा नोटरी अख्ख्या देशासाठी किंवा त्यातल्या एखाद्या भागासाठी. 2024 मध्ये केंद्राने महाराष्ट्रात एकदम हजारोंनी नोटरी नेमले, त्यामुळे आता ठाण्यात काय नवी मुंबईत काय प्रत्येक दुसऱ्या गल्लीत बोर्ड दिसतो. नाव सरकारच्या नोटरींच्या रजिस्टरवर चढलं की जे मिळतं त्याला सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस म्हणतात, ते 5 वर्षांचं असतं आणि रिन्यूअलचा अर्ज मुदत संपायच्या 6 महिने आधी द्यायचा असतो. ही तारीख आजच डायरीत, मोबाईलमध्ये, भिंतीवर, जिथे दिसेल तिथे लिहून ठेवा, कारण मुदत संपल्यावर मारलेला शिक्का हा त्या बिचाऱ्या पक्षकाराच्या कागदाचा प्रश्न होऊन बसतो.

आता शब्द. वकील म्हणून तुम्ही हे रोज वापरता पण नोटरीच्या खुर्चीवरून त्यांचं वजन बदलतं. पहिला शब्द साक्षांकन, म्हणजे हा कागद या माणसाने माझ्यासमोर सही केला एवढंच मी सांगतो, कागदातला मजकूर खरा आहे असं मी सांगत नाही. लोकांना नेमकं हेच कळत नाही, लाल शिक्का बसला की कागद सरकारी झाला असं त्यांना वाटतं. दुसरा शब्द प्रतिज्ञापत्र, ज्याला सगळे अॅफिडेव्हिट म्हणतात. इथे फक्त सही बघून चालत नाही, शपथ द्यावी लागते, आणि ज्याला देवाच्या नावाने शपथ नको असेल त्याला सत्यप्रतिज्ञा देता येते. दिवाणी दाव्यातल्या अॅफिडेव्हिटवर शपथ देण्याचा अधिकार नोटरीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 139 मध्ये स्पष्ट दिलाय. अमेरिकेतल्या पुस्तकांत अॅक्नॉलेजमेंट आणि ज्युरॅट असे दोन शब्द येतात ते याच फरकाचे आहेत, पहिल्यात माणूस समोर येऊन सांगतो की ही सही माझीच, दुसऱ्यात तो समोर सही करतो आणि मजकुरावर शपथही घेतो. आपल्याकडे टायपिस्ट खाली एकच 'बिफोर मी' छापून देतो, म्हणून हा फरक आपणच डोक्यात ठेवायचा.

मग सत्यप्रत, म्हणजे ट्रू कॉपी. ओरिजिनल हातात घेतल्याशिवाय झेरॉक्सवर शिक्का मारायचा नाही, व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो म्हणजे ओरिजिनल नव्हे. मग ओळख पटवणे, आधार किंवा पॅन बघा आणि फोटोकडे बघून माणसाकडे बघा, हे मी मुद्दाम लिहितोय कारण गर्दीत आपण कार्डाचा नंबर उतरवतो आणि चेहरा बघायचा राहतो. नोटिंग आणि प्रोटेस्ट हे हुंडी, प्रॉमिसरी नोट किंवा बिल ऑफ एक्सचेंज, म्हणजे पैसे देण्याबद्दलचे लेखी कागद, वटले नाहीत तर त्याची रीतसर नोंद करायचे शब्द आहेत, 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टमधले. इतक्या वर्षांत माझ्याकडे असं काम क्वचित आलंय, पण नोटरीज अॅक्टच्या कलम 8 मध्ये नोटरीची जी कामं दिलीत त्यात ते आहे. त्याच कलमात भाषांतर करून ते प्रमाणित करणं आहे, कोर्टाने सांगितलं तर कमिशनर म्हणून साक्ष नोंदवणं आहे, लवाद किंवा मध्यस्थ म्हणून काम करणं आहे, जहाजाच्या कप्तानाचं प्रोटेस्ट, म्हणजे प्रवासातल्या नुकसानीबद्दलचं त्याचं रीतसर निवेदन, लिहून घेणंसुद्धा आहे. भाषांतराचं काम शिकून घ्या असं मी आवर्जून सांगेन, परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांचे मराठी जन्मदाखले, लग्नाचे दाखले घेऊन लोक येतात आणि नीट भाषांतर करणारा नोटरी शोधत फिरतात.

कामातलं सगळ्यात महत्त्वाचं काय असं विचाराल तर माझं उत्तर एकच, माणूस समोर हवा. यावर मी कुणाचंही ऐकत नाही, ओळखीचा वकील असो नाहीतर रोजचा एजंट. नवीन होतो तेव्हाची गोष्ट आहे, खारेगावातला एक मुलगा कुलमुखत्यारपत्र घेऊन आला, आईचा अंगठा आधीच लावलेला. म्हणाला आई खाली रिक्षात बसलीय, गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, तुम्ही फक्त शिक्का मारा. माझ्यासमोर सहा-सात माणसं उभी होती, तरी खाली उतरलो. आजी खरंच रिक्षात बसल्या होत्या, पदर डोक्यावर, हातात औषधांची पिशवी. त्यांना विचारलं, आजी हा कागद कसला आहे ठाऊक आहे का? त्या म्हणाल्या, पेन्शनीचा हाय ना. पेन्शनचा नव्हता तो, त्यांच्या हिश्श्याचं गावठाणातलं घर विकण्यापर्यंतचे सगळे अधिकार मुलाला देणारा होता. मी तिथेच रिक्षाजवळ उभं राहून त्यांना साध्या भाषेत वाचून दाखवलं, त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसतं मुलाकडे बघत राहिल्या. कागद परत दिला. मुलगा चिडला, बाजूच्या गल्लीत दुसरा करून देईल म्हणाला. पुढे काय झालं मला कळलं नाही, पण तो अंगठा माझ्या रजिस्टरमध्ये नाही. त्या दिवसापासून म्हातारं माणूस किंवा लिहिता-वाचता न येणारं माणूस असेल तर मी बरोबरच्या नातेवाईकाला बाहेर बसवतो आणि आधी त्या माणसालाच विचारतो, की हा कागद कशाचा आहे ते तुम्ही मला सांगा.

रजिस्टर म्हणजे फॉर्म 15 मधलं नोटरियल रजिस्टर. त्यात अनुक्रमांक, तारीख, कागद कसला, कुणाचा, फी किती, नोटरीचं तिकीट किती लावलं आणि त्या माणसाची सही, हे सगळं त्याच वेळी भरायचं. संध्याकाळी बसून भरू असं करायला गेलात की मधल्या ओळी रिकाम्या राहतात, आणि रिकामी ओळ म्हणजे मागच्या तारखेचा कागद करून मागायला येणाऱ्याला उघडलेलं दार. मागची तारीख मागायला लोक येतात, रडत येतात, जादा पैसे घेऊन येतात. द्यायची नाही. कोर्टात कधी साक्षीला बोलावलं तर तुमच्या बाजूने बोलणारं ते रजिस्टरच असतं, मी स्वतः दिलीय साक्ष, न्यायाधीशांनी पहिलं रजिस्टरच मागवलं. दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मागच्या वर्षीच्या कामाचं रिटर्न सरकारला द्यायचं असतं, तेही याच रजिस्टरवरून निघतं. फीचे दर ऑफिसच्या आत आणि बाहेर दिसतील असे लावायचे, हेही नियमातच आहे. सील गोल, 5 सेंटीमीटर व्यासाचं, त्यावर तुमचं नाव, क्षेत्र, रजिस्ट्रेशन नंबर आणि नेमणाऱ्या सरकारचं नाव. ते रात्री टेबलावर ठेवून जाऊ नका आणि कारकुनाच्या हातात तर अजिबात देऊ नका.

आता आपल्या भागातली खरी दुखरी गोष्ट. दिवा, कळवा, आणि तुमच्या बाजूला घणसोली, कोपरखैरणेच्या गावठाणात लोक सरळ म्हणतात की नोटरीवर रूम घेतली. आयुष्यभराची कमाई घालतात आणि हातात काय, तर स्टॅम्प पेपर आणि त्यावर आपल्यासारख्या कुणाचा तरी शिक्का. 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराचं खरेदीखत सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावंच लागतं, नोटरीच्या शिक्क्याने मालकी जात-येत नाही. असा कागद घेऊन जोडपं आलं की मी आधी बसवून हे सांगतो, फी बुडाली तरी चालेल. ऐकून घेणारे थोडे असतात हेही खरंय, कारण नोंदणी होण्यासारखं घर त्यांच्या बजेटमध्येच नसतं, पण निदान आपण काय घेतोय हे त्यांना कळलेलं असावं.

भाड्याचंही तसंच. लिव्ह अँड लायसन्स नोटरी करून द्या म्हणून रोज कुणी ना कुणी येतं, पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 मध्ये करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, ती जबाबदारी घरमालकाची, आणि नाही केली तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि लग्न किंवा घटस्फोट तर नोटरीवर कधीच करायचा नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय विधी मंत्रालयाने हे लेखी बजावलंय, नोटरी म्हणजे विवाह अधिकारी नव्हे. पळून आलेली मुलं घाबरलेली असतात, त्यांना हाकलून देऊ नका, स्पेशल मॅरेज अॅक्टची 30 दिवसांच्या नोटिशीची प्रक्रिया समजावून सांगा.

स्टॅम्पचं एक लक्षात ठेवा, ऑक्टोबर 2024 पासून बऱ्याच दस्तांना 100 ऐवजी 500 चा स्टॅम्प लागतो, पण जातीच्या किंवा उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या सरकारी दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला तो माफ आहे. तरी लोकांना 500 चा पेपर घ्यायला लावतात, कॉलेजच्या अॅडमिशनच्या दिवसांत आई-बाप रांगेत उभे राहून घेतात. आपल्याकडे आले तर तेवढं सांगावं. आणि गैरवर्तनाची तक्रार सिद्ध झाली तर नोटरीज अॅक्टच्या कलम 10 खाली नाव नोटरींच्या सरकारी रजिस्टरवरून जातं, हेही अर्ज करतानाच माहीत असू द्या. मी एक स्वतःपुरतं पाळतो, ज्या केसमध्ये माझं वकीलपत्र आहे त्यातलं अॅफिडेव्हिट मी नोटराइज करत नाही, तुम्हीही तसंच करा.

ऑफिसचं म्हणाल तर नियमाप्रमाणे ते सर्टिफिकेटवरच्या क्षेत्रातच असावं लागतं, म्हणून आधी अर्जात कुठलं क्षेत्र मागताय ते ठरवा आणि मगच जागा बघा. कोर्टाजवळ काम भरपूर पण घाई प्रचंड, एजंट डोक्यावर उभे असतात. ऐरोलीत काम हळूहळू वाढेल, पण तिथे सिनिअर सिटिझन बरेच आहेत, त्यांना बेलापूरपर्यंत जायला नको असतं आणि त्यांच्याशी बसून बोलायला तुम्हाला वेळ मिळेल. मी तुमच्या जागी असतो तर ऐरोलीतच टाकलं असतं, फक्त तळमजल्यावरची जागा बघा.